साधा वर्तमानकाळ ‘आत्ता’साठी नसेल, तर तो नेमका कशासाठी?

सातपुडापायथा (चोपडा तालुका)

सर्वांना नमस्कार. मी चोपडा तालुक्यातल्या एका गावात राहते आणि संध्याकाळी गावातल्या सातवी-आठवीच्या, मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलांचा इंग्रजीचा अभ्यास घेते. काळ शिकवायला सुरुवात केली आणि पहिल्याच काळापाशी, म्हणजे साध्या वर्तमानकाळापाशी, आम्ही सगळे अडून बसलो आहोत. ‘वर्तमानकाळात घडणारी क्रिया दाखवण्यासाठी साधा वर्तमानकाळ वापरतात’ अशी व्याख्या मुलांच्या वहीत आहे. ती त्यांना तोंडपाठ आहे, परंतु वाक्य करायला बसले की तीच व्याख्या त्यांना भलतीकडे नेते. अभ्यास चालू असताना रस्त्याने केळीचे घड भरलेला ट्रॅक्टर चालला होता, म्हणून मी त्यावरच वाक्य करायला सांगितले. एका मुलाने ‘द ट्रॅक्टर गोज’ असे लिहिले. मी ‘द ट्रॅक्टर इज गोइंग’ अशी दुरुस्ती केली, तेव्हा त्याने विचारले, “ताई, ट्रॅक्टर आत्ता जातो, मग हा वर्तमानकाळच झाला ना?” त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि ‘पुस्तकात तसे दिले आहे’ यापेक्षा बरे उत्तर मला त्याला द्यायचे आहे.

याच अनुषंगाने आणखी काही शंका आहेत. ‘मी उद्या येतो’ या वाक्यात क्रियापदाचे रूप वर्तमानकाळाचे आहे, तर इंग्रजीत ‘आय कम टुमारो’ का चालत नाही? ‘पाऊस आला तर’ याचे भाषांतर मुले ‘इफ इट रेन्ड’ असे करतात, आणि मराठीत ‘आला’ हे रूप भूतकाळाचेच असल्यामुळे त्यांना काय समजवावे हे मला कळत नाही. शिवाय ‘ही डझ नॉट गोज’ आणि ‘आय ॲम प्ले’ या चुका कितीही वेळा लाल शाईने खोडल्या तरी पुन्हा येतातच. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

बोरीकाठ (अमळनेर)

ताई, त्या मुलाने बरोबर जागी बोट ठेवले आहे. ‘वर्तमान’ या शब्दामुळे ‘या क्षणी’ असा अर्थ मनात येतो, आणि इंग्रजीतला साधा वर्तमानकाळ बहुतेक वेळा या क्षणाबद्दल काहीच सांगत नसतो. मी अनेक वर्षे माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवले आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की, ही व्याख्या मुलांच्या वहीतून आधी काढून टाकावी आणि मगच पुढे जावे.

मुळात आपले ‘जातो’ हे रूप फार कामे करते. ‘तो रोज शेतात जातो’ ही सवय झाली. रस्त्यात भेटलेल्या माणसाला आपण ‘कुठे जातोस?’ असे विचारतो, तेव्हा त्याच क्षणाची क्रिया असते. ‘बरं, निघतो मी’ असे म्हणतो तेव्हा पुढची क्रिया असते, आणि इतिहासाच्या तासाला ‘महाराज आग्र्याहून निसटतात’ असे सांगताना ती कित्येक शतकांपूर्वीची असते. इंग्रजीने हीच कामे वेगवेगळ्या रूपांत वाटून दिली आहेत. त्यामुळे मराठी रूपाकडे बघून इंग्रजी काळ ठरवायला गेले की गल्लत होणारच.

यावर मराठीतलीच एक कसोटी मला खात्रीची वाटते. आपल्या व्याकरणात ‘जात असतो’ या रूपाला रीति वर्तमानकाळ म्हणतात. मुलांना सांगावे की, वाक्यातल्या ‘जातो’च्या जागी ‘जात असतो’ घालून पाहा, आणि अर्थ न बदलता वाक्य टिकले तर इंग्रजीत साधा वर्तमानकाळ वापरा. ‘बाबा रोज शेतात जातात’ याचे ‘बाबा रोज शेतात जात असतात’ असे केले तरी अर्थ तोच राहतो, म्हणून ‘फादर गोज टू द फार्म एव्हरी डे’. परंतु समोरून चाललेल्या ट्रॅक्टरबद्दल ‘तो बघ, ट्रॅक्टर जात असतो’ असे कोणी म्हणणार नाही. तिथे आपल्या तोंडून ‘जातोय’ किंवा ‘चाललाय’ असेच येते, म्हणून ‘इज गोइंग’. तुमच्या विद्यार्थ्याला हेच उत्तर द्यावे, कारण ते त्याला स्वतःच्या कानाने तपासता येते.

‘असतो’ आणि ‘आहे’ यांतला फरकही असाच आहे. ‘मे महिन्यात जळगावला कडक ऊन असते’ आणि ‘आज कडक ऊन आहे’ ही दोन वाक्ये मराठी माणूस कधीच एकमेकांच्या जागी वापरत नाही. इंग्रजीत मात्र दोन्ही ठिकाणी ‘इज’ येते आणि ‘इन मे’ किंवा ‘टुडे’ या शब्दांवरून अर्थ समजून घ्यावा लागतो.

कसोटीची दुसरी बाजू अशी की, साध्या वर्तमानकाळातले वाक्य खरे असण्यासाठी ती क्रिया त्या घटकेला चालू असण्याची गरज नसते. केळीचा व्यापारी रात्री गाढ झोपलेला असला तरी ‘ही सेल्स बनानाज’ हे वाक्य खरेच असते, आणि ‘ही इज सेलिंग बनानाज’ हे वाक्य त्या घटकेपुरते खोटे ठरते. हा फरक मुलांना एकदा जाणवला की निसर्गनियम, भूगोल आणि विज्ञान यांतली वाक्ये साध्या वर्तमानकाळात का असतात हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘द तापी राइजेस निअर मुलताई अँड फ्लोज इनटू द अरेबियन सी’ हे वाक्य आज, उद्या आणि परवाही तसेच राहणार आहे. ‘ऑलवेज’, ‘युजुअली’, ‘ऑफन’, ‘नेव्हर’ हे शब्द या काळाच्या खुणा म्हणून शिकवले जातात. ते उपयोगी आहेत, परंतु त्यांची वाक्यातली जागाही शिकवावी. ते मुख्य क्रियापदाच्या आधी येतात, जसे ‘ही ऑफन कम्स लेट’, आणि ‘इज’, ‘ॲम’, ‘आर’ यांच्या नंतर येतात, जसे ‘ही इज ऑफन लेट’. केवळ खुणेच्या शब्दावर विसंबू मात्र नये, कारण कुरकुर व्यक्त करायची असेल तर ‘ही इज ऑलवेज कम्प्लेनिंग’ असे चालू वर्तमानकाळातले वाक्यही शुद्धच असते.

आता ज्या क्रियापदांत हालचाल नसून स्थिती असते, त्यांच्याकडे वळतो, कारण आपली मुले सर्वांत जास्त तिथेच ठेचकाळतात. जाणणे, आवडणे, हवे असणे, मालकीचे असणे, वाटणे ही ती क्रियापदे. यांना ‘जात असतो’ची कसोटी लागू पडत नाही. ‘मला माहीत आहे’ या वाक्यात ‘आहे’ दिसते, म्हणून मुले ‘आय ॲम नो’ असे लिहितात किंवा फार तर ‘आय ॲम नोइंग’ असे करतात. वास्तविक ‘आय नो’ एवढेच पुरेसे आहे. त्याहून अवघड बाब कर्त्याची आहे. ‘माझ्या आईला भरीत आवडते’ या वाक्यात मराठी व्याकरणाने ‘आवडते’ हे रूप भरिताला जुळते, आई चतुर्थीत असते. इंग्रजीत कर्ता आई होते, म्हणून क्रियापदाला लागणारा ‘एस’ आईमुळे लागतो: ‘माय मदर लाइक्स भरीत’. हेच ‘वांगी’ घालून पाहा. मराठीत लगेच ‘आईला वांगी आवडतात’ असे अनेकवचन होते, पण इंग्रजीत ‘लाइक्स’ जसेच्या तसे राहते. ‘केळीला भरपूर पाणी लागते’ याचे ‘अ बनाना प्लांट नीड्स अ लॉट ऑफ वॉटर’ होते आणि ‘त्याला दोन बहिणी आहेत’ याचे ‘ही हॅज टू सिस्टर्स’. ‘मला, तुला, त्याला’ असलेली वीसएक वाक्ये मुलांकडून करून घ्यावीत आणि प्रत्येक वाक्यात आधी इंग्रजी कर्त्याखाली रेघ मारायला लावावी. कंटाळवाणा सराव आहे, तरी तो टाळू नये.

राहिला ‘एस’चा प्रश्न. मुलांना तो जाच वाटतो, परंतु त्यांच्या स्वतःच्या भाषेत जातो, जाते, जातोस, जातेस, जातात अशी किती रूपे ती विनासायास वापरतात! जुन्या इंग्रजीतही एकवचनात प्रत्येक पुरुषाला वेगळा प्रत्यय होता. झिजत झिजत आता फक्त तृतीय पुरुषी एकवचनाचा उरला आहे. 1611 मध्ये छापलेल्या इंग्रजी बायबलात ‘गोज’ऐवजी ‘गोएथ’ असे रूप दिसते. पुढे इंग्लंडच्या उत्तरेकडच्या बोलींतला ‘एस’ सर्वत्र रूढ झाला.

‘ही डझ नॉट गोज’ ही चूक थांबवण्यासाठी मी मुलांना असे सांगत असे की, हा ‘एस’ म्हणजे घरातली एकुलती एक किल्ली आहे. नकार किंवा प्रश्न आला की ‘डू’ दारात उभा राहतो, किल्ली स्वतःकडे घेतो आणि ‘डझ’ होतो. मग आतल्या ‘गो’कडे काही उरत नाही. ‘ही गोज’, ‘ही डझ नॉट गो’, ‘डझ ही गो?’ ही तिन्ही वाक्ये नेहमी एकत्रच लिहून घ्यावीत, सुटी सुटी नकोत. ‘आय ॲम प्ले’ची चूक ‘मी खेळतो आहे’ या वाक्यातल्या ‘आहे’मुळे होते. ‘ॲम’ आला की क्रियापदाला ‘आयएनजी’ हवे आणि ‘आयएनजी’ नको असेल तर ‘ॲम’ही नको, एवढा नियम पुरतो.

स्पेलिंगचे नियम कोणत्याही व्याकरणात सापडतील, म्हणून ते लिहीत नाही. उच्चाराबद्दल मात्र दोन शब्द लिहितो. आपण देवनागरीत ‘रेन्स’, ‘कम्स’ असे लिहितो, पण उच्चार शेवटी ‘जहाज’मधल्या अखेरच्या ‘ज’च्या जवळचा होतो. ‘वर्क्स’, ‘लाइक्स’, ‘ईट्स’ यांत स्वच्छ ‘स’ ऐकू येतो आणि ‘वॉशेस’, ‘टीचेस’ यांत एक स्वर वाढतो. ‘से’चे ‘सेज’ होताना त्यातला ‘से’ आखूड होतो, हे मोठ्या माणसांनाही ठाऊक नसते.

पांझराकाठ (धुळे)

सरांची ‘जात असतो’ची कसोटी उत्तम आहे. तिच्याच जोडीने मला आपल्या मुलखातली एक गोष्ट सुचवावीशी वाटते. ताई, तुमच्या वर्गात घरी अहिराणी बोलणारी मुले असतील, तर त्यांच्यासाठी हे काम प्रमाण मराठीपेक्षाही सोपे आहे, कारण अहिराणीत सवय आणि चालू क्रिया यांची रूपे स्पष्टपणे वेगळी आहेत. ‘तो वावरमा जास’ म्हणजे तो शेतात जात असतो आणि ‘तो वावरमा जाई राह्यना’ म्हणजे या क्षणी तो वाटेवर आहे. ‘तो काय करस?’ असे विचारले तर उत्तर व्यवसायाचे मिळते, आणि ‘तो काय करी राह्यना?’ असे विचारले तर उत्तर त्या घटकेच्या कामाचे मिळते. इंग्रजीतल्या ‘व्हॉट डझ ही डू?’ आणि ‘व्हॉट इज ही डूइंग?’ या दोन प्रश्नांत नेमका हाच फरक आहे. उच्चार गावागणिक थोडा बदलतो, पण भेद कायम राहतो. मी माझ्या धाकट्या भावाला याच पद्धतीने शिकवले, आणि ‘राह्यना’ आले की ‘आयएनजी’ हे त्याच्या डोक्यात पक्के बसले.

एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. अहिराणीत ‘मी जास’ आणि ‘तो जास’ अशी दोन्हीकडे ‘स’ असलेली रूपे आहेत, त्यामुळे काही मुले ‘आय गोज’ असे म्हणण्याची शक्यता असते. दोन्ही भाषांतले हे ‘स’ योगायोगाने सारखे दिसतात, त्यांचे नियम निराळे आहेत, हे सुरुवातीलाच सांगून टाकावे. शाळेत घरच्या बोलीला अडथळा समजण्याची रीत आहे. इथे तर तीच बोली वाट दाखवते, म्हणून ती वर्गात बोलायला मुलांना जरूर सांगावे.

जंक्शन (भुसावळ)

‘मी उद्या येतो’ आणि ‘पाऊस आला तर’ या दोन शंका शिल्लक राहिल्या आहेत, त्यांच्याबद्दल लिहितो. रेल्वेच्या गावात राहत असल्यामुळे मला वेळापत्रकाचे उदाहरण लगेच आठवते. ‘द ट्रेन लीव्हज ॲट सिक्स टुमारो’ हे वाक्य उद्याचे असूनही साध्या वर्तमानकाळात आहे आणि अगदी शुद्ध आहे, कारण गाडीची वेळ कोणाच्या मनावर अवलंबून नसते, ती आधीच ठरलेली आणि छापलेली असते. परीक्षेचे वेळापत्रक, दुकान उघडण्याची वेळ, शाळा सुरू होण्याची तारीख हे सगळे याच प्रकारात मोडते. ‘मी उद्या येतो’ हा मात्र माझा स्वतःचा बेत आहे. तो पक्का ठरलेला असेल तर ‘आय ॲम कमिंग टुमारो’, आणि समोरच्याला आत्ताच शब्द देत असेन तर ‘आय विल कम टुमारो’. कोणी पिशवी उचलत असताना आपण ‘थांबा काकू, मी घेतो’ असे म्हणतो, त्यातल्या ‘घेतो’चे इंग्रजी ‘आय टेक’ असे होत नाही, ‘आय विल टेक इट’ असे होते. मुलांना सुरतेहून नंदुरबार, अमळनेर, जळगावमार्गे भुसावळला येणाऱ्या एखाद्या गाडीचे वेळापत्रक द्यावे आणि प्रत्येक स्थानकासाठी ‘अराइव्ज’ व ‘लीव्हज’ घालून वाक्ये करायला सांगावीत. दोन्ही क्रियापदे आणि त्यांचा ‘एस’ त्यातच घोटून होतो.

‘पाऊस आला तर आम्ही कापूस वेचणार नाही’ या वाक्यातला ‘आला’ हा रूपाने भूतकाळ असला तरी त्यातला पाऊस अजून पडायचा आहे. अट सांगताना मराठी भूतकाळाचे रूप वापरते, इंग्रजी त्याच जागी साध्या वर्तमानकाळाचे वापरते: ‘इफ इट रेन्स, वी विल नॉट पिक कॉटन’. अटीच्या बाजूला ‘विल’ घालण्याचा मोह होतो, पण तो परिणामाच्या बाजूलाच शोभतो. ‘की’, ‘पर्यंत’, ‘आधी’ यांनी जोडलेल्या वाक्यांनाही हाच नियम लागू आहे. ‘गाडी आली की फोन कर’ म्हणजे ‘कॉल मी व्हेन द ट्रेन कम्स’, ‘मी येईपर्यंत थांब’ म्हणजे ‘वेट टिल आय कम’. लक्षात घ्या की मराठीत पहिल्या वाक्यात ‘आली’ आहे आणि दुसऱ्यात ‘येईपर्यंत’, म्हणजे रूपे अगदी वेगळी आहेत, आणि इंग्रजीत दोन्हीकडे एकच साधा वर्तमानकाळ आहे. त्यामुळे इथे शब्दाला शब्द लावून काहीच हाती लागत नाही, जोडणारा शब्द पाहूनच काळ ठरवावा लागतो. ‘इफ इट रेन्ड’ हेही इंग्रजीत आहे, मात्र ते मनात केवळ कल्पिलेल्या गोष्टीच्या जवळ जाते. आठवीत ते न शिकवलेले बरे.

वर्तमानपत्राच्या मथळ्यांचाही उल्लेख करतो, कारण मुले इंग्रजी वर्तमानपत्र उघडतात आणि घडून गेलेली गोष्ट वर्तमानकाळात पाहून बुचकळ्यात पडतात. माणूस चंद्रावर उतरला तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सच्या 21 जुलै 1969 च्या अंकाचा मथळा ‘मेन वॉक ऑन मून’ असा होता. घटना होऊन गेलेली, पण रूप साध्या वर्तमानकाळाचे. शिवाय ‘मेन’ अनेकवचनी असल्यामुळे ‘वॉक’ला ‘एस’ नाही, हेही त्या तीन-चार शब्दांत शिकवता येते.

वनपायवाट (नंदुरबार)

बोरीकाठ सरांच्या एका विधानाला थोडी पुरवणी जोडते. साधा वर्तमानकाळ या क्षणाबद्दल बहुतेक वेळा बोलत नाही हे खरे आहे, परंतु काही वाक्यांत तो नेमका याच क्षणाचा असतो. ‘आय प्रॉमिस’, ‘आय ॲग्री’, ‘आय थँक यू’ यांत बोलणे आणि करणे एकाच वेळी घडते. रजेच्या अर्जात ‘आय रिक्वेस्ट यू टू ग्रँट मी लीव्ह’ असे लिहितात, तिथे ते वाक्य लिहिणे हीच विनंती असते. आपल्याकडच्या अनेक अर्जांत ‘आय ॲम रिक्वेस्टिंग यू’ असे दिसते. ते टाळून साधे ‘आय रिक्वेस्ट’ लिहिण्याची सवय आठवीपासूनच लावावी, कारण पुढे नोकरीच्या अर्जात हेच वाक्य रोज लागते. थांब्यावर बस येताना दिसली की ‘हिअर कम्स द बस’ असे म्हणतात, तेही याच क्षणाचे आहे.

तसेच ‘आय ॲम लिव्हिंग इन नंदुरबार’ हे सरसकट चूक ठरवू नये. शिक्षणासाठी वर्षभर खोली घेऊन राहणाऱ्या मुलीने ते म्हटले तर योग्यच आहे, कारण तिचे राहणे तात्पुरते आहे. ज्यांचे घरच इथे आहे त्यांनी ‘आय लिव्ह इन नंदुरबार’ म्हणावे. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ मात्र कोणत्याही परिस्थितीत बरोबर होत नाही, जरी ‘वी आर हॅविंग लंच’ बरोबर असले तरी, कारण दुसऱ्या वाक्यात ‘हॅव’ म्हणजे जेवणे आहे आणि पहिल्यात नाते आहे.

सातपुडापायथा (चोपडा तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. ‘जात असतो’ची कसोटी आणि अहिराणीतली जोडी या दोन्ही गोष्टी मी लगेच वर्गात घेतल्या. ‘तो काय करस?’ असे फळ्यावर लिहिल्याबरोबर एरवी मागे गप्प बसणारी मुलेही उत्तरे देऊ लागली. आता त्यांनीच एक नवीन प्रश्न काढला आहे. ‘आम्ही दहा वर्षांपासून या गावात राहतो’ हे वाक्य ‘राहत असतो’च्या अर्थाचे नाही, पण ‘राहतो’ ही स्थिती आहे, म्हणून त्यांनी ‘वी लिव्ह इन धिस व्हिलेज सिन्स टेन इयर्स’ असे लिहिले आहे. मला ते खटकते, पण कारण देता येत नाही.

बोरीकाठ (अमळनेर)

खटकते ते योग्यच आहे, ताई. मराठीत ‘पासून’ आले तरी ‘राहतो’ बदलत नाही. इंग्रजीत मात्र भूतकाळात सुरू होऊन आजपर्यंत चालत आलेली गोष्ट साध्या वर्तमानकाळात मावत नाही, तिला पूर्ण वर्तमानकाळ लागतो. म्हणून ‘वी हॅव लिव्हड इन धिस व्हिलेज फॉर टेन इयर्स’ असे लिहावे. ‘फॉर’ आणि ‘सिन्स’ही वेगळे ओळखावेत: किती काळ हे सांगायचे असेल तर ‘फॉर टेन इयर्स’, आणि कधीपासून हे सांगायचे असेल तर ‘सिन्स 2015’. आपले एकच ‘पासून’ या दोघांच्या जागी येते, त्यामुळे मुलांनी ‘पासून’च्या आधीचा शब्द पाहावा. तो ‘दहा वर्षां’सारखा कालावधी असेल तर ‘फॉर’, आणि ‘सोमवार’, ‘दिवाळी’ किंवा एखादे साल असेल तर ‘सिन्स’. पूर्ण वर्तमानकाळ तुम्ही अजून घेतला नसेल, तर सध्या ‘पासून’ असलेली वाक्ये साध्या वर्तमानकाळाच्या सरावातून बाजूला काढून ठेवावीत. ‘वी लिव्ह इन धिस व्हिलेज’ एवढे वाक्य घ्यावे आणि वर्षांचा उल्लेख त्या काळाच्या धड्यापर्यंत थांबवावा.